हातचा

ग्रनोबल. रात्रपाळी. बाहेर ईझेर नदी
बर्फाचं गढूळ पाणी ओढत चाललेली.
आत, सहा हात काँक्रिटच्या मागे,
सिलिकॉनचा एक अखंड ठोकळा,
त्यातूनच कोरलेली तीन पाती, बुडाशी जोडलेली,
मोडक्या कंगव्याचे उरलेले दात जणू.
त्याच्याजवळ मोठ्यानं श्वासही घ्यायचा नाही.
शेवटची ट्राम गेली की मी मोजायला बसते.

न्यूट्रॉन येतो, एकटा.
दोन वाटांनी जातो, एकटाच.
एका वाटेवर चुंबक त्याला फिरवतो
हळूहळू, एक पूर्ण गिरकी.
तीनशे साठ अंश, म्हणजे शाळेत शिकलेलं काहीच नाही.
ये रे माझ्या मागल्या.

पण टकटक मंदावते.
दोन वाटा जिथे एकमेकींना साथ द्यायच्या
तिथेच एकमेकींना पुसत येतात.
न्यूट्रॉन तोच, रोखही तोच,
नुसतं एक उणेचं चिन्ह पाठीला.
आणखी एक गिरकी दिली की
टकटक पुन्हा पहिल्यासारखी.

ओदिलाँ पेराशाँ, एकतीस वर्षं या यंत्रापाशी,
त्यानं मला हे कमरेच्या पट्ट्यावर शिकवलं.
एक टोक खुर्चीला बांधलेलं, बक्कल माझ्या हाती.
"एक पूर्ण पीळ दे. आता बक्कल न वळवता सोडव."
वरून घेतला, खालून घेतला.
पीळ बाजू बदलायचा, जायचा नाही.
"आता दोन दे."
दोन पिळांचा पट्टा त्यानं बकलेवरून एकदा फिरवून आणला
आणि तो सरळ, इस्त्री केल्यासारखा.
दुसऱ्या हातानं विजार धरून ठेवत म्हणाला,
"हे विश्वाला ठाऊक आहे, शिंप्याला नाही."

लीविका तार्तूहून आलेली. आकडे जमेपर्यंत
लोकरीचे मोजे विणते, टाके मोजत बोलते:
जुन्या यांत्रिकीची वही चोख होती.
इकडे सरकव, तिकडे वळव, थोडा वेग दे,
बेरीज तंतोतंत, बाकी शून्य.
ती वही क्वांटमच्या कागदावर उतरवायला घेतली
तर आकडे तेच, पण प्रत्येक बेरजेला हातचा.
पुढे सरक, वेग घे, मागे सरक, वेग सोड:
आलीस ना जागेवर? नाही.
चंद्राची असते तशी एक कला सरकलेली असते,
आणि ती किती, हे तुझं वस्तुमान ठरवतं.
म्हणून गटच मोठा करावा लागतो,
हातचा मांडायला एक घर वाढवून.

"आणि ज्यांना वाढवून भागत नाही?"
तिनं सुई थांबवली.
"काही वाटेतच जातात.
लहान-मोठं सारखंच, असं म्हणणारी एक होती.
बिनमापाची. मोजायला घेतली
आणि तिला माप चिकटलं."
एवढं बोलून उसवायला लागली. एक टाका चुकला होता.

मला आईचं स्वयंपाकघर आठवलं.
वर्षभर मार्सेयला राहून, बास्तियाँला सोडून,
मी त्याच जिन्यानं वर आले होते.
तीच किल्ली. मेणकापडावर तोच जळका डाग.
भट्टीत बटाट्याचं ग्रातँ, कडेला करपलेलं,
मला आवडतं तसं.
शेजारीण म्हणाली, बघ, काही बदललंय का?
काही नव्हतं बदललं.
मी बोलायला लागले की आई नळ सोडायची,
ती बोलायला लागली की मी ताटल्या विसळायचे,
आणि त्या खोलीत कुणाचाच आवाज उरायचा नाही.

ओदिलाँ आता येत नाही. गुडघे गेले.
खुर्चीच्या पाठीला पट्ट्याचा घट्टा आहे अजून.
कधी कधी मी माझा सोडून तिथे बांधते,
एक पीळ देते,
आणि दुसरा द्यायच्या आत काहीतरी वाजतं,
दाब, तापमान, फोन.

पहाटे फरशीतून बारीक थरथर.
पाती हलली नाहीत, पण आकड्यांना कळलं.
लीविकानं मोजे पिशवीत कोंबले.
नोंदवहीत लिहिते:
चार बावन्न. पहिली ट्राम.
इथून पुढचं मोजणीत धरू नये.